पाच मीटर कमी: एका उन्हाळी खो-खो स्पर्धेचं प्रकरण

टेप मी आणली होती ती चुन्याच्या रेषा सरळ याव्यात एवढ्याचसाठी. २०२५ चा एप्रिल संपत आला होता. सकाळी साडेसहाला बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या आमच्या छोट्या मंडळाच्या मैदानावर उन्हाळी खो-खो स्पर्धेची आखणी चालली होती. एका खांबाशी टेपचं टोक एका पोरानं धरलं, दुसऱ्या खांबाशी मी. आकडा आला १९ मीटर. टेप कुठेतरी अडकली असेल म्हणून पुन्हा मोजलं. मग टोकं बदलून मोजलं. १९ मीटर, वर बोटभर.

नेहमीच्या खो-खोत खांबापासून खांबापर्यंत २४ मीटर असतात. खांबांच्या मागे दोन्हीकडे दीड-दीड मीटर, म्हणजे मैदान २७ लांब आणि १६ रुंद. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मी स्वतः शाळा-कॉलेजात खेळलोय, चौदा वर्षं मंडळाचा चिटणीस आहे आणि दर वर्षी स्पर्धेच्या पत्रकावर ‘मैदान नियमानुसार’ असं माझ्याच सहीनं छापून घेतो.

पाच मीटर कुठे गेले ते शोधायला फार डोकं लागलं नाही. पाण्याची टाकी आणि सामानाची खोली बांधली तेव्हा दक्षिणेचा खांब ‘जरा आत’ घेतला होता. पुढे स्कूटर लावायला पत्र्याची शेड झाली, तेव्हा तो आणखी जरा आत आला. दोन्ही वेळा मी हजर होतो. दोन्ही वेळा खड्डा खणणाऱ्याला ‘हां, बराबर’ म्हणणाराही मीच होतो.

हे लिहितोय ते कबुलीजबाब म्हणून नव्हे. त्याच आठवड्यात मंडळापुढे दुसरा एक प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर या टेपनं अर्धंअधिक देऊन टाकलं.

पोरांचा अर्ज

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ जानेवारीला इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये दोन्ही अंतिम सामने भारतानं नेपाळविरुद्ध जिंकले: मुलींनी ७८-४०, मुलांनी ५४-३६. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आमच्या मंडळाच्या खोलीत टीव्ही नाही, म्हणून पोरांनी ते सामने कोणाच्या तरी मोबाईलवर, तो फोन पाण्याच्या टाकीला टेकवून पाहिले. त्याआधी गुजरातच्या संघानं अल्टिमेट खो-खो या टीव्हीवरच्या व्यावसायिक लीगचा दुसरा मोसम जिंकला होता. जानेवारी २०२४ मध्ये कटकला चेन्नईला ३१-२६ असं हरवलं, तेव्हापासूनच कुजबुज सुरू होती. विश्वचषकानंतर तिचा अर्ज झाला. वहीचं फाडलेलं पान, अर्धं गुजरातीत, अर्धं मराठीत, खाली सतरा सह्या. मागण्या तीन: मॅट आणा, डाव नऊऐवजी सात मिनिटांचा करा, आणि वजीर ठेवा.

मंडळ मराठी लोकांनी काढलेलं. आजही कार्यकारिणीत सगळी आडनावं आपलीच. पण सकाळी मैदानावर येणाऱ्या चाळीसेक पोरांपैकी घरात मराठी बोलणारी डझनभरही नसतील. त्यामुळे अर्ज देताना सगळ्यात धीट पोरगी जे बोलली ते गुजरातीतच: ‘काका, वजीर राखीए ने?’

ज्यांनी शाळेनंतर खो-खो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या खेळात आठ जण मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध तोंडांनी बसतात आणि नववा पळणाऱ्यांच्या मागे असतो. या पाठलाग करणाऱ्यावर दोन बंधनं. मधली पाटी ओलांडायची नाही, आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत उलट फिरायचं नाही. पळणाऱ्याला मात्र कुठूनही कुठेही जायला मोकळीक. म्हणून तर खो द्यावा लागतो. पळणारा पलीकडे सटकला की पलीकडे तोंड करून बसलेल्याच्या पाठीवर हात आणि तोंडात ‘खो’, दोन्ही एकाच वेळी. नव्या, म्हणजे अल्टिमेट खो-खोच्या खेळात एकेका बाजूचे सात जण खेळतात, मैदान २२ मीटरचं, एक गडी बाद केला की दोन गुण. आणि आक्रमण करणाऱ्यांत एक वजीर, ज्याला दिशेचं बंधन नाही.

नाना या अर्जावर भडकले. नाना आमचे जुने प्रशिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर, अजून रोज सकाळी मैदानावर खुर्ची टाकून बसतात. त्यांचा मुद्दा साधा होता: ‘दिशा सोडली तर खो द्यायचा कशाला? मग पकडापकडी खेळा की.’

नानांचं हे बोलणं मला तेव्हाही पटलं होतं आणि अजूनही अर्धं पटतं.

बडोद्याचा माज

बडोदेकराला या खेळाबद्दल थोडा माज असतो, आणि तो अगदीच हवेतला नाही. खो-खोला पहिल्यांदा नियमांत बसवलं ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं, १९१४ साली. पण १९२४ साली इथल्या हिंदविजय जिमखान्यानं आपली नियमावली काढली. त्याच्या आदल्या वर्षी हुतूतूचे नियम आणि अखिल भारतीय स्पर्धा हाही इथलाच उद्योग. तो काळ सयाजीरावांचा. जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकराव कवायतीचे हुकूम इंग्रजीतून काढून देशी भाषेत बसवत होते. गल्लीत, पोळात, देवळाच्या आवारात जो खेळ दर दहा पावलांवर वेगळा होता, तो कागदावर उतरवून सगळीकडे सारखा करायचा, हे त्या पिढीचं वेडच होतं म्हणा. नानांचे वस्ताद त्या पिढीच्या हाताखाली तयार झालेले. त्यामुळे नानांच्या लेखी १९२४ ही तारीख जवळपास धर्मग्रंथाची.

मंडळाच्या खोलीत एक जुनी तसबीर आहे, आट्यापाट्यांच्या संघाची. नऊ पाट्या आणि मधली सूरपाटी. तो खेळही त्याच लोकांनी तितक्याच निगुतीनं कागदावर आणला होता. आज आमच्या मैदानावर कोणालाही तो येत नाही. माझ्या मते कारण शुद्ध जागेचं आहे. आट्यापाट्यांच्या पाट्या आखल्या की त्या मैदानावर दुसरं काही खेळता येत नाही. खो-खोला दोन खांब आणि थोडा चुना पुरतो. संध्याकाळी तिथेच क्रिकेट आणि लग्नसराईत तिथेच मांडव.

नानांशी वाद घालताना मी एक जुनी गोष्ट काढली. सुरुवातीच्या खो-खोत खांबच नव्हते. मैदानाची मापंही ठरलेली नव्हती. पाटीच्या दोन टोकांना दोन नवखे गडी बसवायचे आणि बाकीच्यांनी त्यांना वळसा घालून परत यायचं. म्हणजे ज्याला अजून खेळता येत नाही त्याला टोकाला बसवला. पुढे त्याच्या जागी लाकूड आलं.

‘म्हणजे लिंबूटिंबू,’ नाना म्हणाले.

‘हो. आपण ज्याला हात लावून नमस्कार करतो तो खांब म्हणजे मूळचा लिंबूटिंबू.’

नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘असेल. पण त्या लिंबाला वळसा घालूनच मागे फिरायचं, हे तेव्हाही होतंच ना?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हिशेब

टेपकडे परत येतो. त्या रात्री मी वहीत भागाकार केला. बसायच्या आडव्या पाट्यांची रुंदी सोडून दिली तर २४ मीटरमध्ये आठ जण बसले की नऊ अंतरं पडतात, सरासरी एक अंतर २.६७ मीटर. आमच्या १९ मीटरमध्ये तेच आठ जण बसवत आलो, तर अंतर २.११. म्हणजे प्रत्येक दोन बसणाऱ्यांमध्ये अर्ध्या मीटरहून जास्त कमी.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमची पोरं घरच्या मैदानावर वाघ असतात. खो पटापट पडतात, समोरचा संघ गुदमरतो. जिल्ह्याला गेली की पहिल्याच डावात ढेपाळतात. मी वर्षानुवर्षं म्हणत आलो की यांचा दम कमी पडतो, सकाळी लवकर उठत नाहीत, मोबाईल पाहतात. दोन पालकांना तर मी असं तोंडावर सुनावलंय. दम कमी नव्हता. दोन पावलांत खो देण्याची सवय लागलेल्या पोराला तिथे तिसरं पाऊल टाकावं लागत होतं, आणि त्या एका पावलात पळणारा पलीकडे निघून जात होता. आमच्याकडे अशा वेळी पंच ‘उशिरा पडला’ म्हणतात. पोरगा उशीर करत नव्हता, जमीन लांब होती.

आता नवा खेळ. सात जण, त्यातले सहा बसलेले, म्हणजे अंतरं सात. १९ भागिले ७: २.७१ मीटर.

मी आकडा दोनदा पाहिला. आमच्या आखडलेल्या मैदानावर नव्या पद्धतीनं सहा जण बसवले, तर त्यांच्यातलं अंतर जुन्या पूर्ण मैदानाइतकंच येत होतं. खांबांमागची जागा धरून आमचं मैदान बरोबर २२ मीटर भरत होतं. आम्ही नकळत अल्टिमेट खो-खोचं मैदान आखून बसलो होतो आणि त्यावर १९२४ चं गोत्र सांगत होतो.

माणसांचंही तेच झालं होतं. गेल्या वर्षी दोन संघांनी आयत्या वेळी नावं मागे घेतली, कारण त्यांच्याकडे बारा जण जमेनात. एका गल्लीत बारा खेळणारी पोरं मिळणं आता सोपं राहिलेलं नाही. नऊ-दहा मिळतात, त्यातला एक क्लासला जातो आणि एक मामाकडे. सात जणांचा खेळ टीव्हीसाठी काढला असेल, पण आमच्याकडे तो जागेच्या आणि पोरांच्या टंचाईतून तसाही आला असता.

कार्यकारिणीत हा हिशेब मांडल्यावर सात जण, सात मिनिटं, २२ मीटर हे सगळं विनावाद मंजूर झालं. नानांनीसुद्धा मान हलवली. मॅट नामंजूर झाली, कारण तिचं तीन दिवसांचं भाडं आमच्या वर्षभराच्या वर्गणीहून जास्त होतं. वजिरावर दीड तास वाद झाला. तडजोड निघाली ती अशी: सकाळचे सामने वजिराविना, संध्याकाळचे वजिरासह. मग बघू.

पहिला दिवस

मुलांचे आठ संघ, मुलींचे चार. मे महिन्यात बडोद्यात नऊनंतर अनवाणी उभं राहवत नाही, त्यामुळे सकाळी साडेसहा ते पावणेनऊ आणि संध्याकाळी हॅलोजनखाली. माती आदल्या रात्री पाणी मारून, रोलर फिरवून बसवलेली. गुणलेखन माझ्याकडे. मी एक जादा रकाना आखला होता: एका डावात किती खो पडले ते मोजायचे.

संध्याकाळचा पहिला सामना मुलांचा. एका संघाचा वजीर म्हणजे अकरावीतला लांबुळक्या पायांचा पोरगा, शंभर मीटर पळणारा. तो एकदा उठला की बसायचं नावच घेत नव्हता. पळणारा मागे वळला की हाही मागे. पळणारा थकेपर्यंत हा थकत नव्हता. प्रेक्षकांना मजा आली, शिट्ट्या वाजल्या. माझ्या रकान्यात सात मिनिटांत चौदा खो. सकाळी याच संघानं वजिराविना खेळताना चाळीसच्या वर दिले होते. बाकीचे सहा जण पाटीवर उकिडवे बसून आपल्याच सामन्याचे प्रेक्षक झाले होते. एकजण तर पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघोट्या ओढत होता.

नाना काही बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे पाहून त्यांनी भुवया वर केल्या.

पुढचा सामना मुलींचा. ‘वजीर राखीए ने’ म्हणणारी पोरगी एका संघाची कर्णधार होती. तिच्या संघात शंभर मीटर पळणारी कोणी नव्हती. तिनं वजीर म्हणून नेमली ती एक बुटकी, चपळ मुलगी, आणि तिला बसवलं दक्षिणेच्या खांबापासून दुसऱ्या चौकोनात. मला वाटलं, चुकलंच.

चुकलं नव्हतं. पळणाऱ्याचा हुकमी आसरा म्हणजे खांब. पाठलाग करणारा खांबापर्यंत आला की त्याला वळसा घालावा लागतो, तेवढ्यात पळणारा हूल देऊन उलटा फिरतो आणि श्वास घेतो. चांगले गडी अर्धा डाव खांबाच्या आजूबाजूला काढतात. आता त्या कोपऱ्यात वजीर बसलेली. तिथे गेलं आणि तिला खो मिळाला तर हूल चालणार नाही, हे पळणाऱ्या मुलींना दोन मिनिटांत कळलं. त्यांनी दक्षिणेचा खांबच सोडला. मधल्या भागात घुटमळू लागल्या, आणि तिथे बाकीच्या सहा जणी पटापट खो देत त्यांना टिपत होत्या. एकेचाळीस खो. वजीर उठली चारदा. तिनं स्वतः बाद केली ती एकच.

सामना संपल्यावर नानांनी माझ्याकडून वही मागून घेतली. चष्मा कपाळावर चढवला, वही नाकाजवळ धरली, चौदा आणि एकेचाळीस हे दोन आकडे बोटानं दाबून पाहिले. ‘ही पोरगी कुणाची?’ एवढंच विचारलं.

दुसरा दिवस, आणि आमची ढिलाई

रात्री आम्ही एक गावठी नियम घातला. कल्पना नानांची होती, याचं मला अजून नवल वाटतं. वजिरानं एक गडी बाद केला की त्यानं लगेच खो द्यायचा, सलग दुसऱ्याच्या मागे लागायचं नाही. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. आमच्या मैदानापुरता, त्या तीन दिवसांपुरता. लांबुळक्या पोराच्या संघाचे खो दुसऱ्या संध्याकाळी छत्तीसवर गेले.

पण भांडण व्हायचं ते झालंच. उपांत्य सामन्यात एका वजिरानं पळणाऱ्यामागे जाताना सरळ मधली पाटी कापली आणि त्याला टिपलं. पंचांनी फाऊल दिला. पोराचे वडील मैदानात आले. त्यांचं म्हणणं, वजीर कुठूनही जाऊ शकतो, टीव्हीवर आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. मोबाईल काढला. हॅलोजनखाली दहा डोकी त्या फोनवर वाकली, पाच सेकंदांची चित्रफीत तीनदा हळू करून पाहिली. तिच्यात वजीर गर्रकन मागे वळत होता, पण त्याच बाजूला. पाटी कापण्याचा प्रश्नच तिथे आला नव्हता. म्हणजे पुरावा ना इकडचा ना तिकडचा.

मग मी आमचं नियमांचं पत्रक काढलं, आणि मलाच घाम फुटला. मी लिहिलं होतं: ‘वजिरास दिशा मोकळी.’ बास. पाटीचं काय, एक अक्षर नाही. आम्हाला सगळ्यांना जे उघड वाटत होतं ते त्या पोराला उघड वाटायचं काही कारण नव्हतं. त्यानं खेळ टीव्हीवर शिकला, आम्ही मातीत. पंचांनी शेवटी फाऊल कायम ठेवला, बाद रद्द केला आणि गेलेला वेळ डावाला परत दिला. तो संघ तीन गुणांनी हरला. वडील अजून मला रस्त्यात भेटले की मान फिरवतात. मला त्यांचा राग येत नाही. जुने नियम वर्षानुवर्षं अशाच भांडणांतून एकेक वाक्य वाढत गेले असणार, हे त्या रात्री पत्रकावर पेननं ‘मधली पाटी कोणीही कापायची नाही’ असं लिहिताना ध्यानात आलं.

दुसरी ढिलाई जास्त लागली. नव्या खेळात सूर मारून गडी टिपला तर जादा गुण. आम्ही तेही जसंच्या तसं उचललं, दोनाऐवजी तीन. एरवी मातीवर सूर मारणारा पोरगा अगदी गरज असेल तरच मारतो, कारण कोपर सोलतं हे त्याला माहीत असतं. जादा गुण लागल्यावर दर दोन मिनिटांनी कोणीतरी हवेत. दुसऱ्या दिवशी शेवटच्या सामन्यात एक नववीतला पोरगा छातीवर पडण्याऐवजी हनुवटीवर पडला. तीन टाके. त्याची आई रागावली नाही, आणि मला तेच जास्त अवघड गेलं. तो जादा गुण मॅटसाठी होता. आम्ही मॅट परवडत नाही म्हणून नाकारली आणि तिच्यासाठी काढलेलं बक्षीस मातीवर अंथरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते रद्द केलं. पोरांनी कुरकुरही केली नाही.

अंतिम सामन्यांबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही. मुलींचा एकतर्फी झाला. मुलांचा चुरशीचा झाला, पण पाऊण वेळ लाइट गेलेला होता आणि आम्ही दोन गाड्यांच्या दिव्यांवर खेळवला.

गुणांचं गणित

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवावीशी वाटते. आमच्या वेळी खो-खोचा निकाल बारा-दहा असा लागायचा, किंवा ‘एक डाव चार गुणांनी’. वर्तमानपत्रात एका ओळीत मावायचा. आता चाळीस-पन्नासच्या घरात जातो. एका गड्याला दोन गुण, त्यामुळे आकडा हलत राहतो. ज्याला खेळ कळत नाही तोही फलकाकडे पाहून ओरडू शकतो. बॅडमिंटननं २००६ साली सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण ही पद्धत टाकून प्रत्येक रॅलीला गुण दिला, तेही याच जातीचं. कबड्डीत प्रो कबड्डी २०१४ ला आली आणि ‘करो या मरो’ची चढाई घराघरांत गेली, कारण रेंगाळणारा चढाईपटू टीव्हीवर कोणाला बघवत नाही.

मला यात वाईट काही दिसत नाही. पण आमच्या पाच-पन्नास प्रेक्षकांना, ज्यांतले निम्मे खेळणाऱ्यांचेच नातलग आणि बाकीचे शेवउसळ खाऊन रमतगमत आलेले, मोठ्या आकड्यानं काही फरक पडला नाही. ते खो मोजत होते. शेवटच्या दिवशी मागच्या रांगेतून दर खोला आवाज येत होता, ‘सत्तावीस… अठ्ठावीस…’. हे माझ्या जादा रकान्यामुळे झालं. कोणीतरी वहीत डोकावलं होतं. गुणफलकापेक्षा तो रकाना जास्त चालला.

जूनची बैठक

जूनमध्ये आढावा झाला. उन्हाळी स्पर्धा यापुढे सात जणांची, २२ मीटरची. वजीर राहणार, नानांच्या कलमासह. मातीवर सुराला जादा गुण नाहीत.

पण जिल्ह्याच्या आणि शाळांच्या ज्या स्पर्धांना आमची पोरं जातात त्या अजून नऊ जणांच्या, नऊ मिनिटांच्या. तिथे आमचा आखडता खो चालत नाही, हे आता कळून चुकलंय. म्हणून दर रविवारी एका शाळेचं मोठं मैदान मागून घेतलंय. तिथे २४ मीटरवर खांब रोवायचे आणि आठ जण बसवून सराव करायचा. पहिल्या रविवारी आमची पोरं तिथे दर दुसऱ्या खोला अडखळली. तिसऱ्या रविवारी कमी. पोरं दोन खो-खो एकाच आठवड्यात शिकतायत, आणि आश्चर्य म्हणजे त्यांचा गोंधळ आमच्याइतका होत नाही. त्यांनी एकाला ‘लांब’ आणि दुसऱ्याला ‘टूंका’, म्हणजे आखूड, अशी नावं ठेवली आहेत. बडोद्यातलं मराठी-गुजराती एकाच वाक्यात कसं नांदतं त्याचा हा नमुना.

एक वाद मात्र मिटला नाही. नानांचं म्हणणं, सकाळच्या बारक्या पोरांना दोन वर्षं वजीर दाखवायचाच नाही. आधी दिशा धरायला शिकू दे. कर्णधार पोरीचं म्हणणं, वजीर नसेल तर बारकी पोरं येणारच नाहीत, मग दिशा कोणाला शिकवणार? दोघंही मला बरोबर वाटतात, आणि चिटणिसाला असं वाटणं सोयीचं नसतं. विषय पुढच्या बैठकीत ढकलला आहे.

नव्या पत्रकाचा मसुदा मी करून ठेवलाय. ‘मैदान नियमानुसार’ ही ओळ काढून तिथे ‘मैदान २२ मीटर’ लिहिलं. टेपही खोलीत खिळ्याला टांगून ठेवली आहे.

स्पर्धेनंतर लग्नाच्या मांडवासाठी मैदान द्यायचं होतं, म्हणून दोन्ही खांब नेहमीप्रमाणे काढून सामानाच्या खोलीत आडवे ठेवले आणि कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला यायला उशीर झाला. पोहोचलो तर खेळ सुरू होता. चुना पुसट झालेला, खड्ड्यांवर फळ्या टाकलेल्या, आणि दक्षिणेच्या टोकाला कोणाचा तरी सहा-सात वर्षांचा धाकटा भाऊ मांडी घालून बसवलेला. सगळे त्याला वळसा घालून फिरत होते. तो दर वेळी उत्साहानं उठून त्यांच्या मागे धावू पाहत होता, आणि पाटीवरून गुजरातीत ओरडा येत होता, ‘ए थांभला, बेसी जा!’ ए खांबा, बस खाली!

नाना खुर्चीत बसले होते. मी किल्ली खिशातून काढली, तर त्यांनी हातानंच थांब अशी खूण केली.